चीज सँडविचला बाहेरून लोणी लावावे की मेयोनीज?

टोमॅटो सूपसोबत तव्यावर चीज सँडविच भाजताना पावाला बाहेरून लोणी लावावे की मेयोनीज, या संभ्रमात एक मैत्रीण आहे. लागते चमचाभरच, त्यामुळे खर्चाचा विचार सोडून देता येईल.

लोण्यात सुमारे 80 टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्या भागात पाणी व दुधाचे घनपदार्थ असतात. हेच घनपदार्थ तांबूस होऊन तो खमंग वास देतात, मात्र आच जरा वाढली की सर्वांत आधी करपतातही, आणि आतले चीज तोवर घट्टच राहते. म्हणून मंद आच आणि वर झाकण हवेच. शिवाय फ्रिजमधले कडक लोणी मऊ पाव फाडते.

मेयोनीज म्हणजे अंड्यातील बलकाच्या आधाराने एकजीव झालेले तेल. ते थंड असतानाही कडेपर्यंत सहज पसरते, रंग एकसारखा येतो आणि सहजासहजी करपत नाही. चवीत मात्र ते मागे पडते. सूप आधीच आंबट असताना त्याची आंबूस छटा मला तरी नकोशी वाटते.

निवांतपणे एकदोन सँडविच करायची असतील किंवा अंडे वर्ज्य असेल, तर लोणी घ्यावे. घाईत अनेकांसाठी भाजायची असतील, तर मेयोनीज सोयीचे.