कारवानी कुत्र्याचा पट्टा इतवारीतल्या बैलसाजवाल्याकडून बनवून घेतला, त्याचा रिव्ह्यू

आधी निकालच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा ते मोकळे. कारवानी, पश्मी, मुधोळ, ग्रेहाउंड असं सडपातळ, पळणारं शिकारी कुत्रं किंवा यांच्यातलं कुठलंही क्रॉस घरी असेल अन् नागपुरात राहत असाल, तर पट्ट्यासाठी पेट शॉपमध्ये पैसे घालू नका, ऑनलाइन तर अजिबात नको. इतवारीत जा, बैलांचा साज विकणाऱ्यांमध्ये जो स्वतः चामडं शिवतो असा माणूस शोधा अन् त्याच्याकडून बनवून घ्या. मी घेतला. 5 पैकी 4. एक स्टार कुठे कापला ते खाली येईलच.

आता ज्यांच्याकडे लॅब आहे किंवा पग आहे त्यांना वाटेल एवढं काय पट्ट्याचं. तर सांगतो. आमची हरणी कारवानी, फिकट बदामी रंगाची, लातूरकडून आणलेली, बरगड्या दिसतात म्हणून रस्त्यावरचा प्रत्येक माणूस "हिला खायला देत नाही का हो" विचारतोच, त्याला उत्तर देणं मी सोडून दिलंय. या कुत्र्यांचं डोकं अरुंद, निमुळतं, आणि मान लांब अन् भरीव, इतकी की मानेचा घेर डोक्याच्या घेराइतकाच भरतो, कधी थोडा जास्तच. साधा बकलचा पट्टा कितीही टाइट लावा, कुत्रं मागे सरकलं, डोकं खाली घातलं की पट्टा आपल्या हातात अन् कुत्रं वाऱ्यावर. अजून टाइट करावं तर तो अरुंद पट्टा नरड्यावर रुततो, ढास लागते बिचाऱ्याला. हार्नेसचंही तेच, छाती खोल अन् पोट एकदम आत ओढलेलं, त्यामुळे छातीच्या मापाचा घेतला तर मागे लोंबतो आणि दोन पाय मागे टाकून ती त्यातून आरामात बाहेर येते. आणि एकदा निघाली की विषय संपला, कारण ही कुत्री नाकाने नाही, डोळ्याने शिकार करणारी, लांबवर मांजर हललं की कान बंद होतात, तुम्ही घसा फाडून ओरडा नाहीतर बिस्किटाचा पुडा वाजवा. ग्रेहाउंड ताशी 60 किलोमीटरच्या वर पळतो, कारवानी तेवढी नसेल, पण धरमपेठच्या गल्लीत तुमच्या स्कूटीला ती ऐकणार नाही एवढं नक्की.

गंमत अशी की नाव आता सगळ्यांना माहीत आहे. 2005 साली मुधोळ हाउंडचं, म्हणजे कारवानीच्याच जातभाईचं, पोस्टाचं तिकीट निघालं, नंतर मेरठच्या आर्मीच्या सेंटरला ही कुत्री ट्रेनिंगला गेली, 2020 मध्ये 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांचं नाव निघालं आणि त्यानंतर तं विचारूच नका, ज्याला त्याला मुधोळ पाहिजे, पिल्लांचे भाव कुठल्या कुठे गेले. पण दुकानात सामान अजून लॅबचंच. एका दुकानात साइटहाउंडचा, म्हणजे अशा डोळ्याने शिकार करणाऱ्या कुत्र्यांचा, पट्टा आहे का विचारलं तर पोरगं म्हणे "सर एक्सएल घेऊन जा, मोठ्या कुत्र्याला तोच लागतो". मोठं नाही रे बाबा, उंच. ऑनलाइन एक मागवला, फोटोत रुंद दिसत होता, नायलॉनचा, 1,400 रुपये, कड इतकी कडक की थोड्याच दिवसांत मानेखालचे केस घासून टक्कल पडलं. या कुत्र्यांची कातडी पातळ, केस आखूड, खाली चरबी नाहीच, तिथे कडक शिवण म्हणजे कानसच.

मग एका शेतकरी मित्राने सांगितलं की पोळ्याला बैलाच्या गळ्यातले घुंगरमाळेचे पट्टे जिथून घेतो तिथे विचार. इतवारीच्या आतल्या गल्लीत एक छोटं दुकान, दर्शनी भागात म्होरक्या, कासरे, वेसणी, झुली, गोंडे लटकलेले, आत काका खाली पोत्यावर बसून रापी चालवतात. मी हरणीला सोबत नेलं होतं. त्यांनी तिच्याकडे वरून खालून पाहिलं, मानेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "याची मान तं घोड्यावानी हाय नं बाप्पा, डोस्कं लहान अन् मान जाड, याले साधा पट्टा कसा टिकन?" पेट शॉपमध्ये जे कोणालाच समजलं नव्हतं ते यांना हात लावून समजलं. याले नाही इले, असं मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली अन् पुढे शेवटपर्यंत याले याले करत राहिले.

माप घ्यायची पद्धत बघण्यासारखी. टेप नाही, सुतळी. एक गाठ कानाच्या लगेच मागे, मान जिथे सगळ्यात बारीक तिथली. दुसरी गाठ डोक्याच्या सगळ्यात रुंद भागाची, कानांसकट. मी मोबाइलवर मार्टिंगेलचा फोटो दाखवला, म्हणजे एक मोठा फास आणि त्याच्या दोन टोकांच्या कड्यांतून ओवलेला एक छोटा फास, कुत्र्याने ओढलं की छोटा फास मोठ्याला आवळतो पण ठराविक मापापर्यंतच, त्यामुळे डोकंही निघत नाही आणि गळाही दाबला जात नाही. काकांनी फोटो पाच सेकंद पाहिला अन् फोन परत दिला. बस.

पट्टा मिळाला तो असा. मध्ये दोन इंच रुंद, टोकांकडे निमुळता होत पाऊण इंच, म्हणजे कानामागे सगळा दाब पसरतो. बाहेरून म्हशीचं चामडं, आतून बकरीचं मऊ, मध्ये नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पातळ पट्टी. आतलं चामडं कडेवर दुमडून बाहेरच्या बाजूला आणलंय आणि शिवण तिथे आहे, मानेला धागा लागतच नाही. आरीने भोकं पाडून मेणाच्या दोऱ्याने दोन सुयांनी हातशिलाई, मशीनचा टाका एक तुटला की पूर्ण उसवत जातो, हा तसा उसवत नाही. कड्या पितळी. 900 रुपये. सोबत एक घुंगरू फुकट लावून दिलं, मी नको म्हटलं तरी, "लेकरू हाय, वाजू द्या". घरी येऊन काढलं, कारण रात्री तीन वाजता ती कूस बदलते तेव्हा पूर्ण घर उठतं.

वापरून काय झालं तर पहिल्याच आठवड्यात सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर पहाटे खारूताई आडवी गेली, हरणीने झेप घेतली, नंतर पट्टा काढायला म्हणून मागे जोर लावला, डोकं गोल फिरवलं, नेहमीचे सगळे डाव खेळली, आणि पट्टा जागचा हलला नाही. ढास नाही, खोकला नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, मानेवर एकही घासलेली जागा नाही. एक मात्र बघायचं, ओढ बसल्यावर दोन कड्यांमध्ये बोटभर फट राहिली पाहिजे, कड्या एकमेकींना टेकत असतील तर पट्टा सैल आहे, छोटा फास असून नसल्यासारखा.

आता कापलेला स्टार. एक, छोट्या फासाला जे बकल आहे ते लोखंडी, वरून पॉलिश, नागपूरच्या जुलैत त्याला गंज धरला. कड्या पितळी देता तर बकल का नाही, विचारलं तर म्हणे पितळी बकल ओढीला वाकते. असेल, पण मग स्टीलचं द्या. दोन, रंग सुटतो. लाल-तपकिरी चामडं घेतलं तर पहिल्या पावसात फिकट कुत्र्याची मान गुलाबी होते, न रंगवलेलं मागा. तीन, चामडं भिजलं की वाळवायचा व्याप, सावलीतच वाळवायचं, मग तेल. काकांनी खोबरेल सांगितलं, ते लावलं की आमचा दुसरा गावठी कुत्रा दिवसभर हरणीची मान चाटत बसतो. आणि वेळेचं काही खरं नाही, चार दिवस म्हणतात ते दहा धरून चला, श्रावणात तर जाऊच नका, पोळ्याच्या आधी त्यांना मान वर करायला फुरसत नसते आणि तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत त्या भागात माणसाला पाय ठेवायला जागा नाही तर कुत्रं कुठे नेता.

हा पट्टा कशासाठी नाही तेही सांगतो. घरात, मोकळ्यात, दोन कुत्री खेळताना ठेवायचा नाही, छोट्या फासात दुसऱ्याचा जबडा किंवा झाडाची फांदी अडकली तर जिवावर बेतेल. फिरून आलं की काढायचा, नाव-नंबरचा बिल्ला वेगळ्या हलक्या पट्ट्यात. डॉग शोलाही कामाचा नाही. केनेल क्लबच्या शोमध्ये उभं करायचं तर बारीक शो लीड लागते, जजला मानेची पूर्ण रेघ दिसली पाहिजे, कानामागून खांद्यापर्यंत, दोन इंचाचा पट्टा ती अर्धी झाकून टाकतो. रिंगच्या दारापर्यंत हा, आत बारीक दोरी, असं करा.

याच काकांकडून मी अजून एक वस्तू बनवून घेतली, सुटणारी लीश. इंग्लंडमध्ये लर्चरवाले वापरतात तसली, लर्चर म्हणजे ग्रेहाउंड किंवा व्हिपेटचं (ग्रेहाउंडसारखंच, पण लहान) कोली नाहीतर टेरियरशी क्रॉस, तिकडे बिळातल्या रॅबिटमागे सोडतात. तिला हूक नसतो, पट्ट्याच्या कडीतून चामड्याची पट्टी ओवून दोन्ही टोकं आपल्या हातात, एक मनगटात अडकवलेलं अन् दुसरं नुसतं मुठीत, मूठ सोडली की कुत्रं मोकळं. 350 रुपये. मी ती फक्त हिंगण्याकडे मित्राच्या तारेचं कुंपण असलेल्या शेतात वापरतो, तिथे चिंधी ओढायचं मशीन लावलंय, त्यामागे पळते. हूक शोधत बसावं लागत नाही, कुत्रं उभ्या जागेवरून सरळ सुटतं, ती सुरुवात बघायची मजा वेगळीच, एका ढांगेत दोनदा चारही पाय हवेत, एकदा अंग पूर्ण ताणलेलं अन् एकदा गोळा केलेलं.

हे वाचून कोणी "रोही (नीलगाय) लागलाय शेतात, सोडू का" म्हणेल म्हणून आधीच सांगतो, नको. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच कुत्री मागे सोडून पळवणं येतं, ससा असो, रोही असो, रानडुक्कर असो. तिकडे इंग्लंडमध्येही 2005 पासून सशांमागे कुत्री सोडायच्या शर्यती बंद आहेत, त्यांच्याकडचे बिळात राहणारे रॅबिट मात्र चालतात, आणि तेही जमीनमालकाच्या परवानगीने. आपल्याकडे ती पळवाटही नाही. कुत्रं धुऱ्यावर राखणीला बसवा, भुंकू द्या, बस.

थंडीसाठी झूलही मिळते बरं का. बैलाची नाही, त्याच कापडाची, आतून घोंगडी, पोटाखाली दोन बंद, छातीकडे खोलगट कापलेली, 600 रुपये. नागपुरात डिसेंबरात पारा आठ-दहावर येतो तेव्हा ही बिनचरबीची कुत्री थरथरतात, आणि बाजारातले कुत्र्यांचे स्वेटर त्यांना पाठीवर अर्धेच येतात. रंग भडक असतो, किनारीला गोंडे असतात, ते काढून द्या म्हटलं तर काका नाराज होतात, म्हणून एका बाजूचे ठेवून घेतले.

जाताना कुत्रं सोबत न्या, सुतळीचं माप घरून घेऊन गेलात तर परत पाठवतात. सकाळी अकराच्या आत, नंतर हातगाड्या लागतात अन् गल्लीत कुत्र्याला घेऊन उभं राहता येत नाही. रविवारी बंद. यूपीआय आहे, पण मुलगा दुकानात असेल तरच, नाहीतर कॅश.