हिस्टॉरिक स्कॉटलंडचा कौटुंबिक पास: नऊ महिन्यांनंतर

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही हिस्टॉरिक स्कॉटलंडचं, म्हणजे इथले जुने किल्ले, राजवाडे आणि मठ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचं, वर्षभराचं कौटुंबिक सभासदत्व घेतलं. आम्ही एडिंबरात राहतो, आमच्याकडे गाडी नाही, मुलं दोन: थोरली अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. उन्हाळ्यात तीन महिने माझी आईही इथे होती. आता जानेवारी संपत आलाय आणि आमच्या अकरा सहली झाल्यात. चौथ्या सहलीलाच पैसे वसूल झाले, पण मला सांगायचंय ते वेगळंच. पास असला की एका दिवसात एकच ठिकाण बघायची मुभा मिळते. तिकीट काढून गेलं की सगळे कोपरे बघून झाल्याशिवाय पाय निघत नाही, मुलं कंटाळली तरी आपण त्यांना ओढत राहतो. पास असेल तर पाऊस आला म्हणून अर्ध्या तासात निघता येतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाता येतं.

लिनलिथगोला आम्ही असेच तीनदा गेलो. एडिंबराहून ट्रेनने वीसेक मिनिटं, आणि स्टेशनपासून राजवाडा चालत पाच-सात मिनिटांवर. १५४२ च्या डिसेंबरात इथे स्कॉटलंडच्या मेरी राणीचा जन्म झाला. १७४६ मध्ये सैन्याचा मुक्काम असताना आग लागली आणि छप्पर गेलं, ते पुन्हा कधी घातलंच नाही. भिंती मात्र पूर्ण उंचीच्या आहेत, त्यामुळे लहान मुलाला 'इथे लोक राहायचे' हे समजावून सांगावं लागत नाही. चौकातलं पाचव्या जेम्स राजाचं कारंजं, दिवाणखान्यातली भलीमोठी चूल, गोल जिने. एका जिन्याच्या टोकाला इवलीशी खोली आहे. इंग्रजांशी फ्लॉडनच्या लढाईला गेलेल्या चौथ्या जेम्स राजाची वाट बघत त्याची मार्गारेट राणी तिथे बसायची, असं सांगतात. तो १५१३ मध्ये त्या लढाईतच मारला गेला. वरून तळं दिसतं. खाली तळ्याकाठच्या हिरवळीवर आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दाण्याची चटणी खातो. हंस फार जवळ येतात, डबा झाकून ठेवा.

पण ज्या सहलीसाठी हा पास मी दहादा घेईन, ती सेंट अँड्र्यूजची. त्या गावाला स्वतःचं स्टेशन नाही, ते १९६९ मध्येच बंद झालं. फोर्थ खाडीवरचा तांबडा पूल ओलांडून ट्रेनने ल्यूकर्सपर्यंत जायचं आणि तिथून बस. स्कॉटलंडमध्ये पाच ते एकवीस वर्षांच्या मुलांना कार्ड काढलं की बसप्रवास फुकट असतो. पर्यटक म्हणून आलेल्यांना नाही, पण राहणाऱ्यांनी ते कार्ड आधी काढून घ्या.

कॅथेड्रलचं बांधकाम बाराव्या शतकात सुरू झालं आणि १३१८ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याच्या उपस्थितीत ते पवित्र करण्यात आलं. स्कॉटलंडमध्ये बांधलेलं हे सर्वांत मोठं चर्च होतं. १५५९ मध्ये जॉन नॉक्स या प्रोटेस्टंट सुधारकाच्या प्रवचनानंतर जमावाने आतलं सगळं फोडलं, आणि नंतर लोकांनी घरं बांधायला त्याचे दगड नेले. आज पूर्वेची भिंत, दक्षिणेच्या भिंतीचा काही भाग आणि पश्चिमेच्या दाराचा तुकडा उभा आहे, मधे नुसतं गवत. या टोकापासून त्या टोकापर्यंत मुलांना चालायला लावा, चर्च केवढं होतं ते पायांना कळतं. आई मधोमध उभी राहून बराच वेळ वर बघत होती. मग म्हणाली, "एवढं बांधायला दीडशे वर्षं, आणि मोडायला?"

तिथून किल्ला चालत पाच मिनिटांवर, समुद्राच्या कड्यावर. १५४६ च्या मार्चमध्ये कार्डिनल बीटन या बड्या कॅथलिक धर्मगुरूने जॉर्ज विशार्ट या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाला इथे जाळलं. मे महिन्याच्या अखेरीस विशार्टच्या बाजूची माणसं किल्ल्यात घुसली, बीटनला मारलं आणि किल्ला बळकावला. सरकारी फौजेचा वेढा पडला. दरवाजा फुटेना, तेव्हा बाहेरच्यांनी खडकातून सुरुंग, म्हणजे तटाखाली जाणारं भुयार, खणायला घेतला. आतल्यांना घाव ऐकू आले. त्यांनी आवाजाच्या अंदाजाने आतून उलटा सुरुंग खणायला सुरुवात केली. आधी दिशा चुकली, अर्धवट सोडलेली ती खोदाई अजून दिसते. अखेर ते नेमके शत्रूच्या सुरुंगात घुसले. हे दोन्ही सुरुंग शाबूत आहेत आणि आत जाता येतं. आतल्यांचा सुरुंग अरुंद, वाकडातिकडा, ओणवं होऊन जावं लागतं. घाईत, भीतीत खणलेला आहे हे खांदे घासले की कळतं. मग शिडी उतरून बाहेरच्यांच्या सुरुंगात पाय टाकला की एकदम ताठ उभं राहता येतं. त्यांच्याकडे वेळ होता.

आई गुडघ्यांमुळे वर बाकावर बसली होती. धाकटा धापा टाकत वर आला आणि त्याने तिला सगळं हातवारे करून सांगितलं. आई मूळची चाकणची. १६६० मध्ये शाइस्तेखानाने सुरुंग लावून तिथला बुरूज उडवला, फिरंगोजी नरसाळ्यांनी त्याआधी जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजवला होता, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. ती म्हणाली, "आमच्या चाकणला सुरुंग उडालाच रे बाळा. इथल्यांना वेळेत ऐकू आला." पुढे १५४७ मध्ये फ्रेंच आरमाराच्या तोफांपुढे हाही किल्ला पडला. हे धाकट्याला सांगितलं तेव्हा तो फार नाराज झाला.

थोरलीने ब्रूसचा माग धरलाय. डनफर्मलिनच्या ॲबीत, म्हणजे मठाच्या चर्चमध्ये, त्याचं शरीर पुरलंय, हृदय मेलरोजला. मेलरोजला जायला एडिंबराहून ट्वीडबँकपर्यंत ट्रेन आणि पुढे नदीकाठाने तीनेक किलोमीटर चाल. गुलाबी दगडाची ॲबी आहे, आणि वरती पाइप वाजवणारं डुक्कर कोरलेलं आहे. ते शोधण्यात मुलांचा अर्धा तास मजेत जातो.

आता काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. हा पास सगळ्या जुन्या वास्तूंना चालत नाही. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ही वेगळी संस्था, तिचं सभासदत्वही वेगळं. कूरस गावात (लिहिताना कलरॉससारखं लिहितात) पिवळा राजवाडा ट्रस्टचा आहे, तर टेकडीवरचे मठाचे अवशेष या पासवाल्यांकडचे, आणि तिथे तर कुणालाच तिकीट नाही. तीनशेहून जास्त ठिकाणांपैकी बरीचशी अशी मोकळी आहेत, म्हणून तुम्हाला तिकिटाची किती ठिकाणं बघायचीत ते मोजूनच पास घ्या. शिवाय गेल्या काही वर्षांत उंचावरच्या दगडांच्या तपासणीसाठी अनेक ठिकाणी काही भाग बंद ठेवावा लागतोय. एका लहान गडाशी आम्ही दोन बस बदलून पोचलो आणि फाटक बंद. तेव्हापासून निघायच्या दिवशी सकाळी बघूनच निघतो. हिवाळ्यात काही ठिकाणं बंदच असतात, उरलेली लवकर मिटतात, आणि डिसेंबरात पावणेचारला अंधारतं. लहान ठिकाणी स्वच्छतागृह नसतं, गावातच जाऊन या. सेंट अँड्र्यूजला जूनमध्येही कानटोपी लागते, आईची शाल तिथे धाकट्याने पांघरली होती.

सत्तरीच्या आसपासच्या माणसांना घेऊन जाणार असाल तर लिनलिथगोचं तळमजल्याचं आवार आणि मेलरोज निवडा. आई पासवर नव्हती, तिचं ज्येष्ठांचं तिकीट दर वेळी काढलं, त्याचा हिशोब वेगळा धरा.

मार्चमध्ये मुदत संपतेय, पुढच्या वर्षाचे पैसे आत्ताच भरलेत. थोरलीला आर्ब्रोथची ॲबी बघायचीय, १३२० च्या स्वातंत्र्याच्या पत्रासाठी. आई डिसेंबरात माहेरी गेली होती, तिने चाकणच्या किल्ल्याच्या, संग्रामदुर्गाच्या, खंदकाचे आणि पडक्या तटाचे फोटो पाठवले. धाकट्याने ते मोठे करकरून बघितले आणि तिला फोन लावला: "आजी, सुरुंग कुठल्या बाजूने आला होता?" ती म्हणाली, "तू ये, दाखवते." जुलैची तिकिटं काढलीत.