लक्सरच्या धक्क्यावर कळलं, जहाजात आमचं नावच नाही

गेल्या आठवड्यात यांच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इजिप्तच्या सहलीचं एक माहितीपत्रक आलं. कंपनीचं नाव नवं, फोन नंबर नवा, वर लक्सरच्या कर्नाक मंदिरातल्या खांबांचा मोठा फोटो. वाचत वाचत पाचव्या दिवसापर्यंत आले आणि हात गार पडले. 'सकाळी लक्सर संग्रहालयात तुतनखामेनचा जगप्रसिद्ध सोन्याचा मुखवटा पाहणे. दुपारी अबू सिंबेल, अर्धा दिवस.' जानेवारी 2025 मध्ये आमची इजिप्तची सहल ज्या पोराने बुडवली, त्याने दिलेल्या आयटिनररीत, म्हणजे रोजच्या कार्यक्रमाच्या कागदात, अगदी हीच वाक्यं, याच शब्दांत होती. तो कागद मी लगेच आमच्या तक्रारीचा तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांना पाठवला आणि हे लिहायला बसले. पोरगा पुन्हा कामाला लागला आहे, हे लोकांपर्यंत पोहोचायला हवं.

आधी आमच्याबद्दल थोडं सांगते. हे सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत 31 वर्षं इतिहास शिकवत होते. मी पोस्टात होते. इजिप्त हा यांचा जीव की प्राण. अस्वानच्या नव्या धरणाचं पाणी चढणार म्हणून 1964 ते 1968 या काळात अबू सिंबेलची देवळं करवतीने कापली, ठोकळे उचलले आणि 65 मीटर उंचावर जशीच्या तशी जुळवली, हे ते दरवर्षी फळ्यावर आकृती काढून मुलांना सांगायचे. पुस्तकात नसलं तरी सांगायचे. आम्ही दोघंही निवृत्त झालो तेव्हा ठरलं की गुडघे साथ देतायत तोवर एकदा जाऊन यायचं. माझ्या ग्रॅच्युइटीतले तीन लाख त्यासाठी बाजूला ठेवले होते.

ऑगस्ट 2024 मध्ये यांच्या एका जुन्या सहकाऱ्यांकडून त्या मुलाचा नंबर मिळाला. तिशीचा असेल. पुण्यात ऑफिस आहे म्हणाला. घरी आला, पेढे घेऊन आला, दोघांच्या पाया पडला. "काका, काकू, ग्रुपबरोबर धावपळ कशाला करता? तुम्ही दोघंच जा, निवांत. जहाजावर मी सांगून ठेवतो, एकादशीला साबुदाण्याची खिचडी मिळेल." मला तेव्हाच तो आवडला. परदेशात आपल्या भाषेत बोलणारा, आपल्या खाण्यापिण्याची काळजी करणारा माणूस पाठीशी आहे, याचं वजन आमच्या वयात फार असतं. मोठ्या कंपन्यांच्या फोनवर आधी एक दाबा, दोन दाबा. हा मुलगा पहिल्या रिंगला फोन उचलायचा.

पॅकेज माणशी 1,42,000 रुपये. दोघांचे 2,84,000 आणि त्यावर पाच टक्के टीसीएस, म्हणजे कंपनीने आपल्याकडून आगाऊ गोळा करायचा आयकर, 14,200, म्हणजे एकूण 2,98,200. यात मुंबई-कैरो येणंजाणं, व्हिसा, कैरोत दोन रात्री, विमानाने लक्सर, तिथून चार रात्री नाईलवरच्या जहाजात एडफू, कोम ओम्बो करत अस्वान, अबू सिंबेल, परत कैरो. शिवाय गरम हवेच्या फुग्यातली सैर 'खात्रीशीर' आणि 'व्हॅली ऑफ द किंग्जमधील सर्व 62 कबरी प्रवेशासह'.

आता या आयटिनररीकडे बघा. तुतनखामेन या फॅरोचा मुखवटा लक्सरला नव्हताच. हॉवर्ड कार्टरला 1922 मध्ये कबर सापडली ती लक्सरच्या पश्चिम तीरावर, पण मुखवटा आम्ही गेलो तेव्हा कैरोत तहरीर चौकातल्या संग्रहालयात होता. व्हॅली ऑफ द किंग्जच्या साध्या तिकिटावर तीन कबरी पाहता येतात. तुतनखामेनच्या कबरीचं तिकीट वेगळं, सेती पहिल्याच्या कबरीचं वेगळं आणि ते तर मुख्य तिकिटाहून महाग. कित्येक कबरी बंद असतात, काही तर नुसते खड्डे आहेत. फुगा पहाटेच्या वाऱ्यावर अवलंबून, त्याची खात्री कुणी देऊच शकत नाही. आणि अबू सिंबेल? लक्सरहून अस्वान सव्वादोनशे किलोमीटर, तिथून पुढे सुदानच्या सीमेकडे आणखी पावणेतीनशेच्या वर. अर्ध्या दिवसात नुसतं जाणंही होत नाही.

हे सगळं यांना माहीत होतं. मी लिहितेय त्यातलं बरंचसं त्यांनीच त्या कागदावर लाल पेनने लिहून ठेवलं होतं. मुलाला विचारलंही. मुखवट्याबद्दल म्हणाला, "टायपिंगची चूक झाली काका, सॉरी." अबू सिंबेलबद्दल म्हणाला, "आता नवीन रस्ता झालाय, लवकर जाता येतं." कबरींबद्दल म्हणाला, "तिथला आपला गाइड सगळं मॅनेज करतो." आम्ही ऐकून घेतलं. जो माणूस दहा वेळा लोकांना लक्सरला घेऊन गेलोय असं सांगतो, त्याला मुखवटा कुठे आहे हे माहीत नाही, म्हणजे तो एकदाही गेलेला नाही, हा साधा अर्थ आम्ही लावला नाही. चुका पोराच्या वाटल्या आणि पोराला आपण सांभाळून घेतो तसं सांभाळून घेतलं. माझा सगळा सल यातच आहे. अज्ञानामुळे फसलो असतो तर कमी लागलं असतं.

पैसे तीन हप्त्यांत गेले. सप्टेंबरात 50,000 यूपीआयने, ऑक्टोबरात 1,20,000 आणि 12 डिसेंबरला 1,28,200 एनईएफटीने. दर वेळी घाई असायची. "जहाजवाल्यांना आज संध्याकाळपर्यंत द्यायचेत, नाहीतर केबिन जाईल." दर वेळी पावती यायची, पावतीवर शिक्का असायचा.

त्याने सगळंच खोटं केलं नव्हतं. व्हिसा मुंबईच्या वकिलातीतून रीतसर आला. मुंबई-कैरोची तिकिटं खरी होती, कैरोतलं हॉटेल खरं होतं, लक्सरच्या विमानाचं तिकीटही खरं होतं. म्हणून कैरोत पिरॅमिड बघताना हे दिवसभर त्या मुलाला दुवा देत होते. नंतर पोलिसांनी सांगितलं की हीच पद्धत असते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस खरे ठेवायचे, म्हणजे माणूस देशाबाहेर पडतो आणि भांडायला समोर येऊ शकत नाही.

14 जानेवारीला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, दुपारी लक्सरला उतरलो. विमानतळावर नावाची पाटी घेऊन कुणी नव्हतं. टॅक्सी करून धक्क्यावर गेलो. लक्सरला ही जहाजं किनाऱ्याला एकेकटी उभी नसतात, चार-चार, पाच-पाच एकमेकांना खेटून असतात. आपल्या जहाजात जायचं तर आधीच्या जहाजांच्या स्वागतकक्षांमधून चालत जावं लागतं. आम्ही दोन जहाजांमधून बॅगा ओढत तिसऱ्यात पोहोचलो. काउंटरवरच्या मुलाने व्हाउचर पाहिलं, संगणकात पाहिलं, पुन्हा व्हाउचर पाहिलं आणि वरिष्ठांना बोलावलं. ते सद्गृहस्थ फार सभ्यपणे बोलले. तुमच्या नावाने केबिन राखून ठेवलेली होती, म्हणाले, पण पैसे आले नाहीत म्हणून 19 डिसेंबरला रद्द झाली. आज जहाज भरलेलं आहे.

19 डिसेंबर. आमचा शेवटचा हप्ता जाऊन सात दिवस झाले होते.

मुलाला फोन लावला. "काकू, पाच मिनिटांत सांगतो." त्यानंतर त्याचा आवाज आम्ही ऐकलेला नाही. मेसेजवर एकच टिक यायची.

पुन्हा त्याच दोन जहाजांमधून बॅगा ओढत बाहेर आलो. तिथे बसलेली माणसं बघत होती. हे एका दगडी कठड्यावर बसले आणि समोरच्या पश्चिम तीराकडे बघत राहिले. थेबिसचा, म्हणजे प्राचीन लक्सरचा, डोंगर समोर, उन्हात गुलाबी दिसत होता. एकतीस वर्षं त्यांनी तो नकाशात दाखवला होता. मी त्यांच्याशी काही बोलू शकले नाही.

अशा वेळी माणूस दुसऱ्यांदा कसा फसतो तेही सांगते. एक जण जवळ आला, चांगल्या इंग्रजीत म्हणाला, "मी तुमच्याच जहाजाच्या स्वयंपाकघरात काम करतो, ओळखलं नाहीत? चला, आमच्या मुख्य ऑफिसमध्ये, काम होऊन जाईल." घोडागाडीत बसवलं. किती घेणार विचारलं तर म्हणाला वीस पाउंड. दहा मिनिटांनी गाडी थांबली ती पपायरसच्या दुकानासमोर. ऑफिस वगैरे काही नव्हतं. उतरलो तर गाडीवाला म्हणाला, वीस ब्रिटिश पाउंड. इजिप्शियन पाउंडाच्या साठ पटींहून जास्त. मी आवाज चढवला, लोक जमले, शेवटी इजिप्शियन शंभर देऊन सुटलो. 'तुमच्या हॉटेलात काम करतो, ओळखलं नाही?' हे लक्सरमधलं नेहमीचं वाक्य आहे, असं नंतर पावलोपावली कळलं. भाव ठरवताना कोणता पाउंड ते बोलून घ्या आणि हातात सुट्टे पैसे घेताना नोट नीट बघा, कारण पन्नास पाउंडाच्या जागी पन्नास पियास्टरची, म्हणजे अर्ध्या पाउंडाची, नोट सरकवतात.

आम्हाला सावरलं तेही लक्सरच्याच माणसाने, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. लक्सर मंदिराजवळून साध्या सरकारी फेरीबोटीने पलीकडे गेलो, कारण पश्चिम तीरावर खोल्या स्वस्त असतात असं विमानात एका बाईंनी सांगितलं होतं. तिथल्या छोट्या गेस्ट हाउसच्या मालकांनी आधी चहा दिला, मग आमचे कागद पाहिले. कैरो परतीच्या विमानाचा पीएनआर त्यांनी आमच्यासमोर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून पाहिला. बुकिंग दिसत होतं, पण तिकीट निघालेलंच नव्हतं. हा फरक मला साठाव्या वर्षी कळला. पीएनआर म्हणजे नुसती जागा राखणं. पैसे भरून तिकीट निघालं की तेरा आकडी तिकीट नंबर मिळतो. तो नसेल तर हातातला कागद कागदच.

पाच रात्री तिथेच राहिलो. कर्नाकला दोनदा गेलो. त्या 134 खांबांच्या दालनात यांनी पहिल्यांदा मान वर केली, आणि मग बराच वेळ ती खाली आली नाही. मेमनॉनचे पुतळे रस्त्याकडेलाच आहेत, त्यांना तिकीट लागत नाही, आम्ही रोज संध्याकाळी तिकडे चालत जायचो. हॅत्शेप्सुत राणीचं देऊळ झालं, मेदिनेत हाबूचं देऊळ झालं. तिकिटांना खिडकीवर रोख घेत नव्हते, फक्त कार्ड. "डॉलर रोख न्या" हा त्या मुलाचा सल्लाही चुकीचाच होता. पण अस्वान राहिलं, अबू सिंबेल राहिलं. यांच्या गुडघ्याला आणि आमच्या पैशाला ते झेपणारं नव्हतं. वरचे 68,000 खर्च करून रात्रभराच्या गाडीने कैरोला आणि तिथून घरी आलो.

घरी आल्यावर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथे कळलं की हा नंबर खरा उपयोगी पडतो तो पैसे गेल्यागेल्या, काही तासांत, म्हणजे खातं गोठवता येतं. आमचे पैसे जाऊन महिना उलटला होता, खात्यात काही शिल्लक नव्हतं. पोलीस ठाण्यात फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, जुनं 420, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318. तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, टीसीएस कापला होता ना, मग आयकराच्या वेबसाइटवरचा फॉर्म 26एएस बघितलात का? आम्ही बघितला नव्हता. परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनी जो टीसीएस घेते तो आपल्या पॅनवर जमा करावा लागतो आणि तिथे दिसतो. आमच्या पॅनवर एक रुपया नव्हता. शेवटच्या हप्त्याआधी हे तपासलं असतं, तर निदान ते 1,28,200 रुपये घरातच राहिले असते.

म्हणून सहल ठरवणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, जहाजाला आणि हॉटेलला स्वतः ईमेल करा. आणि 'आमचं बुकिंग आहे का' एवढंच विचारू नका. डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही तसं विचारलं असतं तर जहाजवाल्यांनी खरंच 'आहे' असं कळवलं असतं. 'पैसे पूर्ण पोहोचले का, कोणत्या तारखेला' असं विचारा, आणि निघण्याच्या आठ दिवस आधी पुन्हा विचारा. शक्य असेल तर पैसे क्रेडिट कार्डाने भरा, सेवा मिळाली नाही तर बँकेकडे दाद मागता येते. एनईएफटीने गेलेले पैसे परत ओढता येत नाहीत. पावती कंपनीच्या नावाने आणि खातं एका माणसाच्या नावाने असेल तर तिथेच थांबा.

आमचे पैसे अजून मिळालेले नाहीत. आमच्यासारखी आणखी दोन कुटुंबं पुढे आली आहेत, एक कोल्हापूरचं, एक ठाण्याचं. तुमच्याकडे लक्सरला सोन्याचा मुखवटा दाखवणारा आणि अर्ध्या दिवसात अबू सिंबेल करून आणणारा कागद आला असेल तर तो डिलीट करू नका. नंबर, मेसेज, पावत्या, सगळं तसंच ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात घेऊन जा. संकोच वाटेल. आम्हालाही वाटला, आणि त्या संकोचात आम्ही घरी आल्यावरही अकरा दिवस घालवले.