अल्टरनेटर गेला म्हणतील, आधी अर्थिंग बघायला लावा

नाशिकमधल्या एका गॅरेजने मला बॅटरी आणि अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा पार्ट, गॅरेजच्या भाषेत डायनामो) मिळून १७,००० रुपयांचा चुना लावला. मूळ बिघाड होता हातभर लांबीच्या एका केबलचा. गॅरेजचं नाव लिहीत नाही, पण त्यांनी हे कसं केलं ते सविस्तर लिहिते, कारण ही युक्ती त्या एकाच दुकानात चालत असेल असं मला वाटत नाही.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, जुनी, रोजची धाव नाशिक ते सिन्नर एमआयडीसी. डिसेंबरात निफाडकडची थंडी इकडेही जाणवायला लागली आणि सकाळी सेल्फ जड व्हायला लागला. चावी फिरवली की घुर्र... घुर्र... आणि मग एकदाची गाडी सुरू. थंडीत बॅटरीची ताकद घटते, इंजिन ऑइलही घट्ट होतं, त्यामुळे पहिला संशय बॅटरीवर जातो, आणि त्यात काही गैर नाही. (आपल्याकडे बॅटरीला खरं मारतं ते एप्रिल-मेचं ऊन. थंडी नुसती ते उघडकीला आणते.)

गॅरेजमधल्या पोराने बंद गाडीला मीटर लावला, १२.२ व्होल्ट दाखवले आणि निकाल दिला, "मॅडम, सेल वीक झालेत." आता हे १२.२ म्हणजे काय? पूर्ण चार्ज बॅटरी काही तास उभी राहिल्यावर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. रिकामी आणि खराब यात फरक आहे. ती आधी चार्ज करून, मग लोड टेस्टर लावून किंवा सेल्फ मारताना व्होल्टेज किती खाली जातं ते बघूनच तिला खराब म्हणता येतं. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरीवर बोट ठेवा. यातलं काहीही न करता त्यांनी ५,२०० ची नवी बॅटरी बसवली आणि जुनी एक्सचेंज म्हणून ठेवून घेतली.

नवी बॅटरी आली म्हणून थोडे दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच रडगाणं.

या वेळी मालक स्वतः आला. बॉनेट उघडून आत बराच वेळ हात घालून काहीतरी चाचपलं, मग मला म्हणाला, "मॅडम, मोबाइलवर व्हिडिओ काढा, सरांना पाठवा. नंतर म्हणायला नको." सर म्हणजे माझा नवरा, ज्याला पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे हे अजून पंपावर विचारावं लागतं. असो. मी सीटवर बसून डॅशबोर्डपासून शूटिंग सुरू केलं, चावी फिरवली, गाडी चालू केली, तशीच खाली उतरून मीटर टिपला. १२.१.

"चालू गाडीत चौदा पाहिजेत. डायनामो गेला तुमचा."

चौदाचं वाक्य अगदी बरोबर. चालू गाडीत बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत, हे मी घरी जाऊन तपासलं असतं तरी खरंच निघालं असतं. फसवणूक आकड्यात नव्हतीच, आकडा घेण्याआधी जे केलं त्यात होती. "कंपनीचा नवा" अल्टरनेटर ११,८०० ला बसला. बिल म्हणजे पॅडवरचं एक चिटोरं, त्यावर ना जीएसटी नंबर ना पार्ट नंबर. जुना अल्टरनेटर मागितला तर म्हणे, "एक्सचेंजमध्ये धरलाय, म्हणून तर एवढ्यात पडला."

सकाळचं घुर्र घुर्र तसंच. परत गेले तर उत्तर तयार होतं, "आता सेल्फ उघडावा लागेल." तेव्हा मी गाडी द्वारका चौकाच्या पलीकडे एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. ट्रकच्या वायरिंगमध्ये त्यांचं आयुष्य गेलंय, सगळे त्यांना चाचा म्हणतात.

चाचांनी बॅटरीला हात लावायच्या आधी मला सेल्फ मारायला सांगितलं आणि मीटर बॅटरीच्या दोन टोकांना धरला. आकडा अकराच्या खाली गेलाच नाही. "ताई, बॅटरी अकरा धरून बसलीय आणि तरी सेल्फ रडतोय. म्हणजे करंट वाटेत अडतोय." मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिनच्या धातूवर. पुन्हा सेल्फ. इथे पाव व्होल्टच्या आसपास यायला हवं, आमच्याकडे दोनच्या वर आलं. म्हणजे बॅटरीचे दोन व्होल्ट नुसत्या अर्थिंगमध्ये, इंजिनकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत येणाऱ्या वाटेत, जळत होते. चाचांनी जंप स्टार्टची काळी केबल घेतली, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिनच्या एका बोल्टला, आणि म्हणाले, "आता मारा." सेल्फ असा सटकन फिरला की मी दचकले.

गिअरबॉक्सवरून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. वरून धड दिसत होती. लगच्या, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या टोकाच्या खाली हिरवट पूड, आणि आतल्या तांब्याच्या तारा बोटाने चोळल्या की तुटून पडत होत्या. अल्टरनेटरचा चार्जही याच वाटेने फिरून बॅटरीपर्यंत पोचतो. त्यामुळे अल्टरनेटरवर १४.२ आणि बॅटरीवर पोचताना १३.५, हेडलाइट आणि ब्लोअर लावला की असा हिशेब. बॅटरी रोज थोडी उपाशी राहायची आणि सकाळी उरलेला जोर त्याच पट्टीत अडायचा. दोन्ही लक्षणांचं कारण एकच. नवी पट्टी, टर्मिनलची सफाई आणि मजुरी मिळून ४५० रुपये.

मग मी तो व्हिडिओ दाखवला. चाचांनी मीटरकडे पाहिलंच नाही, सुरुवातीचा डॅशबोर्ड पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितला. "चावी ऑन केल्यावर बॅटरीचा लाल दिवा कुठाय?" खरंच नव्हता. ऑइलचा होता, हँडब्रेकचा होता, बॅटरीचा नाही. आमच्या गाडीत तो दिवा अल्टरनेटरच्या मागच्या छोट्या कपलरमधून (वायरच्या प्लगमधून) पेटतो. चावी ऑन केली की लागायचा आणि गाडी चालू झाली की विझायचा, हा त्याचा क्रम. कपलर उपसून ठेवला की दिवाही लागत नाही आणि अल्टरनेटर चार्जही देत नाही. मीटर मग बॅटरीचेच १२.१ दाखवणार, दुसरं काय दाखवणार? मालक आत हात घालून काय चाचपत होता ते तेव्हा कळलं. त्याने स्वतःच काढायला लावलेला व्हिडिओ त्याच्याच अंगाशी आला.

"कंपनीचा नवा" अल्टरनेटरही बघून घेतला. वरून चंदेरी स्प्रे, पण रंग स्क्रूच्या खाचेत आणि स्टिकरच्या कडेवरही गेलेला. कारखान्यातून आलेल्या पार्टवर असं होत नाही. जुन्याला कार्बन आणि बेअरिंग टाकून रंगवलेला. रिकंडिशन अल्टरनेटर वाईट नसतो. चांगला इलेक्ट्रिशियन कार्बन, आयसी, डायोड प्लेट बदलून तो बराच कमी पैशात नीट करून देतो. मात्र तो रिकंडिशन म्हणून, त्या भावात द्यावा. बॅटरीचंही तेच. वॉरंटी कार्ड कोरं, आणि डब्यावर ठोकलेला उत्पादनाचा कोड विक्रीच्या तारखेच्या दीड वर्ष आधीचा. दुकानात चार्ज न करता पडून राहिलेली बॅटरी आतून सल्फेट धरते, मग वॉरंटी काहीही असो.

तुमच्यावर ही वेळ आली तर मीटर लावण्याआधी चावी ऑन करून लाल दिवा लागतो का ते बघा. मीटर बॅटरीवर तर लावायला सांगाच, पण एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या नटवर आणि दुसरी अल्टरनेटरच्याच बॉडीवर धरूनही बघायला सांगा. दोन आकड्यांत फार फरक असेल तर दोष वाटेतला आहे. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून "बंद पडली, म्हणजे डायनामो गेला" असं दाखवणारा भेटला तर त्याला हात लावू देऊ नका. त्या झटक्याने व्होल्टेज उसळतं आणि गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, उडू शकतो. तो पार्ट अल्टरनेटरपेक्षा महाग आहे. आणखी एक, अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंग ईसीएमच्या ताब्यात असतं, त्यामुळे बॅटरी भरलेली असताना तेराच्या आसपासचा आकडा दिसला तरी बिघाड असेलच असं नाही. हाच आकडा दाखवून घाबरवणारे आहेत. रात्रभर उभी राहून बॅटरी उतरत असेल तर गाडी बंद करून, लॉक करून अर्ध्या-पाऊण तासाने करंट मोजायला लावा. तो ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. जास्त असेल तर बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम किंवा डॅशकॅम आधी तपासा. आणि जुना पार्ट पैसे देण्याआधी हातात घ्या, एक्सचेंज ठरलं असेल तर त्याची रक्कम बिलावर वेगळी लिहून घ्या.

पक्कं बिल नसलं तरी माझ्याकडे यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवर आलेला "न्यू अल्टरनेटर" असा अंदाजपत्रकाचा मेसेज आणि तो व्हिडिओ होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तिथे शुल्कही नाही. तेवढी वेळ आली नाही. मालकाचा फोन आला, "मॅडम, आपसात मिटवू." अल्टरनेटरचे ११,८०० परत मिळाले, रंगवलेला पार्ट त्याने काढून नेला. चाचांनी दुसरा अल्टरनेटर रिकंडिशन म्हणूनच, रिकंडिशनच्या भावात बसवून दिला. बॅटरीच्या पैशांबद्दल मालक अजून टोलवाटोलवी करतोय, म्हणून तक्रार मी बंद केलेली नाही.

माझा मूळचा अल्टरनेटर मात्र "भंगारात गेला" असं उत्तर मिळालं. धडधाकट पार्ट कोण भंगारात घालतो? त्यामुळे या थंडीत नाशिकमध्ये कुणाला चंदेरी रंगाचा "नवा" अल्टरनेटर बसवून मिळाला असेल, तर मागचं काळं प्लॅस्टिकचं झाकण बघा. माझ्याच्या झाकणाचा खालचा डावा कोपरा तुटलेला होता.