‘स्पिनिंग सिल्व्हर’ : दिवाळीपासून सोबत असलेल्या कादंबरीबद्दल

दिवाळीत घेतलेली, अमेरिकन लेखिका नेओमी नोव्हिकची ‘स्पिनिंग सिल्व्हर’ ही इंग्रजी कादंबरी मृग तोंडावर आला तरी माझ्या टेबलावरून हललेली नाही. पहिल्यांदा सलग वाचली, मग आवडलेले भाग पुन्हा, मग शाळेत मुलींना सांगायची म्हणून पुन्हा अख्खी. एवढ्या सहवासानंतर ठामपणे सांगते: परीकथेवर बेतलेली प्रेमकादंबरी हवी असेल तर ही जरूर घ्या, पण प्रेम लवकर भेटेल या आशेनं घेऊ नका. हे पुस्तक कर्जाचं आहे. कोण कुणाचं किती देणं लागतं आणि ते फेडायचं कुणी, हा प्रश्न पानोपानी आहे. प्रेमसुद्धा त्याच हिशोबातून उगवतं, आणि म्हणूनच मला ते खरं वाटलं.

मूळ गोष्ट रुम्पेलस्टिल्टस्किनची, ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातली. एक गिरणीवाला राजासमोर फुशारकी मारतो की माझी पोरगी पेंढ्याचं सोनं कातते. राजा तिला कोंडून घालतो. एक बुटका येऊन सोनं कातून देतो आणि बदल्यात पहिलं मूल मागतो. पुढं मूल होतं, तो घ्यायला येतो, पण त्याचं नाव ओळखल्यामुळं ती सुटते. नोव्हिकची नायिका मिर्येम ही सावकाराची मुलगी. ती सुरुवातीलाच म्हणते की लोक कितीही गोड करून सांगोत, ही गोष्ट मुळात घेतलेलं देणं बुडवण्याची आहे. तिथंच मी पुस्तकात अडकले.

मिर्येमचे वडील सावकार खरे, पण वसुली त्यांना जमत नाही. बायकोचा हुंडासुद्धा गावाला कर्जाऊ देऊन बसलेत. गाव त्या पैशावर मजेत, यांच्या घरात मात्र उपास. आई हिवाळ्यात अंथरूण धरते तेव्हा मिर्येम उठते आणि दारोदार वसुलीला जाते. चार पैसे घरात येतात, आई बरी होते, पण लेकीचं काळीज गोठत चाललंय हे त्याच आईला सहन होत नाही. पुढं ‘मी चांदीचं सोनं करते’ ही तिची बढाई बर्फाच्या राज्याचा राजा ऐकतो. त्याच्या जमातीला स्टारिक म्हणतात. तो तीनदा चांदीची नाणी आणून टाकतो आणि सोनं मागतो. ती त्या चांदीची अंगठी, मग हार, मग मुकुट सोनाराकडून घडवून घेते आणि सरदाराला सोन्याच्या मोबदल्यात विकते. जादू नाही, निव्वळ व्यापार. बक्षीस म्हणून राजा तिला न विचारता राणी करून घेऊन जातो.

इथं एक गोष्ट आधीच सांगायला हवी. सावकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जमीन लिहून घेणारा माणूस येतो. बेकायदा सावकारीला आवर घालायला २०१४ मध्ये राज्याला नवा कायदा करावा लागला, इतकं ते दुखणं आपल्या ओळखीचं आहे. तो माणूस मनात ठेवून पुस्तक उघडलं तर सुरुवातीला अडखळायला होतं. मिर्येमचं घर ज्यू आहे. मध्ययुगीन युरोपात ज्यूंना कितीतरी ठिकाणी जमीन धरायला आणि कारागिरांच्या संघात शिरायला मनाई होती. व्याजाचा धंदा त्यांच्या पदरी आला आणि मग त्याच धंद्यावरून त्यांचा द्वेष झाला. कादंबरीतलं लिथ्वास हे राज्य काल्पनिक आहे, पण लेखिकेच्या वडिलांचं घराणं लिथुआनियातल्या ज्यूंचं, आणि ती जखम तिला आतून ठाऊक आहे. गाव मिर्येमकडं कसं बघतं, हे वाचताना अंगावर येतं.

पण माझ्या मनात घर केलं ते वांडानं. तिचा बाप दारुडा, मारकुटा. त्यानं मिर्येमच्या वडिलांकडून कर्ज घेतलंय, आणि ते फेडायला मिर्येम वांडाला घरकामाला ठेवते. ज्याला शिक्षा म्हणायचं ती वांडाला सुटका वाटते, कारण त्या घरात दोन वेळचं पोटभर मिळतं आणि कुणी हात उचलत नाही. मिर्येम तिला हिशोब लिहायला शिकवते. वांडाला कागदावरचे आकडे जादू वाटतात. आणि ती जादू आपल्यालाही येते हे कळल्यावर तिच्या चालण्याबोलण्यात जो फरक पडतो, तो लेखिकेनं अतिशय हळुवारपणे दाखवलाय.

मी बीड जिल्ह्यात धारूरकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी घरं मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला जातात. लेकरं कुणाची आजीजवळ राहतात, कुणाची हंगामी वसतिगृहात, कुणाची फडावरच. सातवीच्या मुलींना मी वांडाची गोष्ट शनिवारी थोडी थोडी सांगत होते. बाप मारतो ते प्रसंग मी सौम्य केले, बाकी होती तशी ठेवली. दुसऱ्याच शनिवारी एकीनं विचारलं, “बाई, उचल बापानं घेतली, मग फेडायची हिनं का?” लगेच दुसरी म्हणाली, “नाय फेडली तर सावकाराच्या पोरीनं खायचं काय?” तास संपला तरी दोघी ऐकेनात. कादंबरीचा सगळा जीव त्या दोन प्रश्नांत आहे आणि लेखिका दोन्ही मुलींच्या बाजूनं उभी राहते. कर्ज देणाऱ्याची लेक आणि घेणाऱ्याची लेक एकाच चुलीशी बसतात, एकमेकींच्या उपयोगी पडतात, आणि त्यातून हळूहळू एक घर तयार होतं. वांडाचा धाकटा भाऊ स्टेपॉन आणि मिर्येमची आई यांच्यातली माया वाचताना मी दरवेळी रडले.

आता प्रेमाकडं. दोन लग्नं आहेत आणि दोन्ही मनाविरुद्ध. सरदाराची लेक इरिना त्या चांदीच्या दागिन्यांच्या बळावर झारची, म्हणजे लिथ्वासच्या सम्राटाची, बायको होते, आणि झारच्या अंगात आगीचा राक्षस आहे, त्याला ती खायची आहे. ती चांदी अंगावर घालून आरशातून बर्फाच्या राज्यात निसटते आणि दिवसा दरबारात शांतपणे डाव मांडते. इरिना मला मिर्येमहून जास्त हुशार वाटली. तिकडं मिर्येम आणि स्टारिक राजा यांच्यात गोड शब्द नाहीतच. त्याच्या लोकांत फुकट काही देत नाहीत, घेत नाहीत आणि दिलेला शब्द मोडत नाहीत. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांमधलं ‘घेतला वसा टाकू नये’ तिथं राज्याचा कायदा आहे. तो तिला अशक्य काम सांगतो, ती ते करून दाखवते, आणि तो खरोखर झुकतो. तिची किंमत त्याला कळते, मग आदर, आणि फार उशिरा बाकीचं. पळवून नेण्याचा अपराध लेखिका विसरत नाही, त्यालाही विसरू देत नाही. शेवट सांगत नाही, पण मूळ परीकथेतला नावाचा धागा शेवटी जसा वापरलाय, त्याला तोड नाही.

उणिवा आहेत. ही मुळात २०१६ मध्ये एका संग्रहात आलेली कथा, २०१८ मध्ये तिची कादंबरी झाली. सुरुवातीचा भाग म्हणूनच घट्ट आहे आणि मधला सैल. गोष्ट एकूण सहा जण सांगतात, सगळे ‘मी’ म्हणूनच, आणि कोण बोलतंय हे वर लिहिलेलं नसतं. दोन-चार ओळी वाचून ओळखावं लागतं. पहिल्या वाचनात इरिनाच्या दाईची प्रकरणं मला रेंगाळलेली वाटली, दुसऱ्या वाचनातही तसंच वाटलं. झारचा धागा मात्र आणखी पन्नास पानं मागत होता.

इंग्रजी फार अवघड नाही. वाक्यं लांब असली तरी शब्द साधे आहेत, फक्त नावं जिभेवर बसायला वेळ लागतो. मी शेवटच्या पानावर नावांची यादी करून ठेवली आणि तिचा खूप उपयोग झाला. साडेचारशेहून जास्त पानं आहेत, त्यामुळं घाईत उघडू नका. शृंगाराची उघड वर्णनं नाहीत, पण घरातली मारहाण आणि जबरदस्तीची भीती आहे. नववी-दहावीच्या मुलींना द्यायचं असेल तर आधी स्वतः वाचा आणि नंतर त्यांच्याशी बोला.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा लोकस पुरस्कार मिळालेली ही कादंबरी आणि नोव्हिकची आधीची ‘अपरूटेड’ (२०१५) यांचा कथेनं काही संबंध नाही, कुठलीही आधी वाचली तरी चालते. प्रेमकथाच हवी असेल तर ‘अपरूटेड’ लवकर पकड घेईल. वांडा भेटायला हवी असेल तर ही घ्या.