‘असिस्ट क्विक सर्च’: मिल-स्पेक फुकट मिळतं, पण ते जिवंत आहे का ते आधी बघा

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या कारखान्यात संरक्षण खात्याशी संबंधित कास्टिंगची (ओतीव भागांची) चौकशी आली की ड्रॉइंगच्या नोट्समध्ये ठरलेली मंडळी हजर असतात: मिल-एसटीडी-2175, मिल-डीटीएल-5541, मिल-एसटीडी-105, मिल-एसटीडी-810. ही अमेरिकी लष्कराची मानकं, म्हणजेच ‘मिल-स्पेक’. मग धावाधाव सुरू होते, आणि कुणीतरी कुठून तरी आलेली पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकतो. तेवढं करायची गरजच नाही. अमेरिकेची डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी ‘असिस्ट’ नावाचा अधिकृत साठा चालवते आणि त्यातला ‘क्विक सर्च’ विभाग सगळ्यांना खुला आहे. खातं काढायचं नाही, पैसे भरायचे नाहीत. पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. पाचवा कशामुळे कापला ते पुढे येईल.

शोधताना नंबर टाकायचा, शेवटचं रिव्हिजनचं अक्षर टाकायचं नाही. म्हणजे 810 शोधा, 810एच नको. नंबर उघडला की मूळ आवृत्ती, नंतरच्या रिव्हिजन, नोटीस, अमेंडमेंट असा सगळा खानदानी इतिहास एकाखाली एक दिसतो. खरी किंमत या यादीची आहे. ड्रॉइंगवर ‘ई’ रिव्हिजन लिहिली असेल आणि साठ्यात ‘एफ’ असेल, तर स्वतःच्या मनाने ‘एफ’ लावायची नाही. ऑर्डरमध्ये जी लिहिली तीच लागू. फरक दिसला तर कोटेशन देण्याआधी ग्राहकाला लेखी विचारायचं.

उतरवलेल्या पीडीएफच्या पानांवर स्रोत, उतरवल्याची तारीख-वेळ आणि ‘वापरण्यापूर्वी चालू आवृत्ती तपासा’ अशी सूचना छापून येते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे आपल्या घड्याळात साडेपाच तास मिळवायचे. ऑडिटरसमोर हा शिक्का फार कामाचा आहे. ‘एव्हरीस्पेक’सारख्या खासगी साइटवरही हीच कागदं मिळतात आणि वाचायला ठीक आहेत, पण डॉक्युमेंट कंट्रोलच्या फाइलला असिस्टचीच प्रत लावावी.

आता मुख्य गोम. जून 1994 मध्ये तेव्हाचे अमेरिकी संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी आदेश काढला की शक्य तिथे लष्करी स्पेकऐवजी व्यापारी मानकं आणि कामगिरीवर आधारलेली स्पेक वापरा. त्यानंतर शेकडो मिल-स्पेक रद्द झाले. गुणवत्ता पद्धतीचं मिल-क्यू-9858 हे 1996 मध्ये गेलं. सॅम्पलिंगचं (लॉटमधले मोजके नग तपासण्याचं) मिल-एसटीडी-105ई 1995 मध्येच गेलं. ड्रॉइंगवर मात्र ही नावं अजून ठाण मांडून आहेत, कारण जुनं ड्रॉइंग कुणी बदलत नाही. म्हणून पीडीएफ उघडण्याआधी स्टेटस वाचा. ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे चालू. ‘कॅन्सल्ड’ म्हणजे रद्द. अशा वेळी रद्द केल्याची नोटीस आवर्जून उघडायची, कारण पर्यायी मानकाचं नाव बहुतेक वेळा तिथेच असतं. ‘इनॲक्टिव्ह फॉर न्यू डिझाइन’ या शब्दांनी भलेभले फसतात. त्याचा अर्थ नव्या डिझाइनला वापरू नका एवढाच, जुन्या यंत्राच्या सुट्या भागांना ते चालतं. तारीख जुनी दिसली म्हणूनही घाबरायचं कारण नाही, नंतरची ‘व्हॅलिडेशन’ नोटीस असेल तर कागद जिवंत आहे.

कास्टिंगवाल्यांसाठी 2175 चं उदाहरण बोलकं आहे. मिल-एसटीडी-2175 रद्द होऊन त्याची जागा एसएई संस्थेच्या एएमएस 2175 ने घेतली. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत: वर्ग 1 ते 4 आणि दर्जा ए ते डी. तपासणी किती नगांची आणि कुठल्या पद्धतीने, ते वर्गावरून ठरतं. श्रिंकेज, ब्लो होल (ओतकामात राहिलेल्या पोकळ्या) किती चालेल, ते दर्जावरून. वर्ग 1 म्हणजे जो भाग तुटला तर माणसं दगावतील असा. नुसतं ‘2175 प्रमाणे’ लिहिलेल्या ड्रॉइंगवर दर सांगणं म्हणजे अंधारात गोळी मारणं आहे. एक्स-रेचा खर्च वर्गावर हलतो आणि कास्टिंगच्या दरापेक्षा तपासणी महाग पडू शकते. जुनं 2175 असिस्टवर फुकट वाचता येतं, कल्पना यायला पुरेसं आहे. प्रमाणपत्रावर लिहायला मात्र चालू एएमएस विकत घ्यावं लागतं. पाचवा गुण इथेच कापला: साठा ज्या दाराकडे बोट दाखवतो तिथे बहुतेक वेळा तिकीट असतं. डाय पेनिट्रंटचंही (रंगीत द्रव लावून भेगा शोधण्याच्या तपासणीचंही) तेच. मिल-एसटीडी-6866 गेलं, एएसटीएम या मानक संस्थेचं ई1417 आलं. सॅम्पलिंगला, म्हणजे 105ई च्या जागी, थोडा दिलासा आहे. आपलं आयएस 2500 आणि आयएसओ 2859 एकाच घराण्यातले, आणि भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून आयएस फुकट मिळतं. ग्राहकाची लेखी परवानगी मात्र लागतेच.

परस्पर बदल करण्याची खोड मटेरियलमध्ये तर फार महागात पडते. एएसटीएम ए536 मधली डक्टाइल (एसजी) लोखंडाची 65-45-12 ग्रेड मागितली की ‘एसजी 450/10 देऊ’ असं सर्रास बोललं जातं. ताण 65 हजार पीएसआय, म्हणजे साधारण 448 मेगापास्कल. तो जुळतो. इलाँगेशन (तुटण्याआधी होणारी लांबवाढ) 12 टक्के हवं आणि 450/10 ची हमी 10 चीच. टेस्ट बार तिथेच नापास होतो.

स्पेकची मांडणी एकदा कळली की वाचन सोपं होतं. कलम 1 व्याप्ती, 2 संदर्भ कागद, 3 अटी, 4 पडताळणी, 5 पॅकिंग, 6 टिपा. सहावं कलम बंधनकारक नसतं म्हणून लोक सोडून देतात, पण खरेदीदाराने ऑर्डरमध्ये काय-काय लिहायला हवं याची यादी तिथेच असते. चौकशीला उत्तर देताना त्या यादीतूनच प्रश्न विचारायचे. ॲल्युमिनियमवरच्या कन्व्हर्जन कोटिंगचं (रासायनिक संरक्षक थराचं) मिल-डीटीएल-5541 घ्या, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘अलोडाइन’ म्हणतात. त्यात टाइप 1 मध्ये हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं, टाइप 2 मध्ये नसतं. क्लास 1ए गंजरोधासाठी, क्लास 3 जिथे विजेचा संपर्क राखायचा तिथे. शिवाय रसायन मिल-डीटीएल-81706 च्या मान्यताप्राप्त यादीतलं हवं. प्लेटिंगवाल्याचा पिवळा रंग कितीही झकास आला, तरी डबा त्या यादीतला नसेल तर लॉट परत येतो.

उपकरण हवामान, धक्के सोसतं का याच्या चाचण्यांचं 810 हजारावर पानांचं आहे, एवढं छापू नका. मेथड नंबर विचारा आणि तेवढंच प्रकरण काढा. सॉल्ट फॉगची (खारट धुक्यात गंज तपासण्याची) मेथड 509 म्हणजे 24 तास फवारा, 24 तास सुकवण, असे दोन फेरे. एएसटीएम बी117 मध्ये फवारा अखंड चालतो. दोन्हींचे 96 तास भरतात म्हणून लॅबला ‘96 तास सॉल्ट स्प्रे’ एवढंच सांगितलं, तर रिपोर्ट भलत्याच चाचणीचा मिळतो आणि पैसे पाण्यात जातात.

इथे काय मिळत नाही तेही सांगायला हवं. वितरण मर्यादित असलेले कागद उतरवता येत नाहीत, तिथे ग्राहकाकडूनच प्रत मागायची. टी-72 रणगाड्याच्या भागांसोबत येणारी रशियन गोस्ट मानकं इथे नाहीत, ब्रिटिश डेफ स्टॅनही नाहीत. आपल्या मानकीकरण संचालनालयाचं, इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चाचण्यांचं जेएसएस 55555 सुद्धा नाही. इलेक्ट्रॉनिक पॅनेलची ऑर्डर असेल तर आधी तेच लागतं. जुने कागद स्कॅन केलेले आहेत, त्यात शब्द शोधता येत नाही आणि 1/8 चा 1/3 वाचला जातो. मापं इंचात, तापमान फॅरनहाइटमध्ये. ड्रॉइंगवर आकडा चढवण्यापूर्वी पान मोठं करून दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावं.