स्वस्त गिटार पेडल्स: काही महिने वापरल्यावर, आणि अडॅप्टरबद्दल जरा जास्तच

गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावून, पायाने दाबून आवाज बदलायचं खोकं म्हणजे पेडल. तीन-साडेतीन हजारांच्या आतलं पेडल घ्यावं का? ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन (दोन्ही आवाज फाडून जाडसर करणारी) बिनधास्त घ्या. डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारं पेडल, विचार करून घ्या. आणि घरात पडलेला कुठलाही अडॅप्टर त्यांना लावू नका.

हे लिहायला निमित्त झालं एका फूटस्विचचं, म्हणजे पायाने दाबून पेडल चालू-बंद करायच्या बटणाचं. दाबल्यावर आवाज कधी यायचा, कधी गायब. विक्रेत्याने ‘ही नैसर्गिक झीज’ म्हणून वॉरंटी नाकारली. वर तपासणीसाठी पेडल आपल्याच कुरिअर खर्चाने मुंबईला पाठवा म्हणे. सोलापुरातून जाण्यायेण्याचा कुरिअर खर्चच नव्या स्विचपेक्षा जास्त होतो! तो भाग म्हणजे नऊ पायांचा, सहसा निळ्या बुडाचा 3पीडीटी स्विच. मागचे चार स्क्रू काढा, वायरिंगचा फोटो घ्या, 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने जुना स्विच सोडवा, नवा लावा. प्रत्येक पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकू नका, कारण बुडाचं प्लास्टिक वितळलं की आतली पट्टी तिरकी होते आणि नवा स्विचही पहिल्या दिवसापासून दगा देतो. केबल खुपसायच्या जॅकचा नट ढिला झाला असेल तर जॅक आतून धरूनच नट आवळा. नुसता बाहेरून पाना फिरवलात तर जॅक आत फिरतो आणि बोर्डावरचा सोल्डर तडकतो.

स्वस्त पेडलमध्ये पैसे वाचवलेले असतात ते इथे: स्विच, जॅक, नॉब. सर्किटमध्ये नव्हे. ट्यूब स्क्रीमर या नावाजलेल्या ओव्हरड्राइव्ह पेडलचं सर्किट 1979 च्या आसपासचं. एक 4558 ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप), दोन-तीन डायोड, थोडे रेझिस्टर आणि कपॅसिटर. जोयोचं व्हिंटेज ओव्हरड्राइव्ह किंवा बेरिंजरचं टीओ800 त्याच वंशातलं आहे. साधारण 720 हर्ट्झच्या खालच्या आवाजाला ही सर्किटं कमी गेन देतात (कमी वाढवतात), म्हणून ढोलक आणि बेसच्या गर्दीतही गिटार वेगळी ऐकू येते. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला हवं ते हेच. महागड्या पेडलशी शेजारी ठेवून ऐकलं तर फरक असतो, पण तो शांत खोलीत. मांडवात तो कुणालाही ऐकू येणार नाही.

आता अडॅप्टर. ‘पेडल गुणगुणतं, भंगार आहे’ अशी तक्रार जिथे तिथे वाचायला मिळते. त्यातली निम्मी पेडलची नसतेच, असं माझं ठाम मत झालंय. खात्री करायला 9 व्होल्टची बॅटरी पुरते. ज्या छोट्या पेडलमध्ये बॅटरीची जागा नाही, त्यांच्यासाठी बॅटरी क्लिपला 2.1 मिलिमीटरची पिन जोडून घ्या: काळी वायर मधल्या टोकाला, लाल बाहेरच्या कड्याला. बॅटरीवर गुणगुण थांबली तर दोष विजेच्या बाजूला. तरीही राहिली तर केबल, पिकअप (तारांखालचा चुंबकी सेन्सर) किंवा ॲम्प तपासा. सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचं) पिकअप असेल तर ट्यूबलाइट आणि मोटारीपासून लांब बसून पाहा. सोलापूरच्या पूर्व भागात जिथे भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात, तिथे ही 50 हर्ट्झची घरघर कुठल्याही पेडलने जाणार नाही.

राउटरच्या अडॅप्टरची पिन बहुतेक वेळा याच मापाची असते आणि पेडलमध्ये चपखल बसते. धोका तिथेच आहे. राउटरला मधली पिन प्लस लागते, गिटार पेडलला मायनस. बहुतेक पेडलमध्ये उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड सप्लायला समांतर लावलेला असतो. उलटी वीज आली की तो स्वतः शॉर्ट होतो, आणि मग योग्य अडॅप्टर लावला तरी पेडल मेलेलंच राहतं. फेकू नका. जॅकजवळचा 1एन4001 किंवा 4007 हा डायोड मीटरने तपासा. दोन्ही दिशांना वाजत असेल तर तो कापून नवा लावा, काही रुपयांचं काम. व्होल्टेजचंही तसंच. साधं ओव्हरड्राइव्ह 12 व्होल्ट सोसेलही, पण क्लॉन (एक प्रसिद्ध महागडं ओव्हरड्राइव्ह) धाटणीच्या पेडलमधली व्होल्टेज वाढवणारी चिप साधारण 10 व्होल्टच्या वर टिकत नाही. मिलिअँपिअर जास्त असले तर काही बिघडत नाही, कमी असले तर बिघडतं.

एकाच अडॅप्टरला पाच शेपट्यांची वायर लावून ड्राइव्ह आणि डिजिटल डिले एकत्र चालवले की बारीक शिट्टी येते. डिलेच्या क्लॉकचा (चिपला ठोके देणाऱ्या भागाचा) कचरा सामाईक मायनसमधून ड्राइव्हमध्ये शिरतो आणि तिथे शंभरपट वाढतो. यावर ‘आयसोलेटेड’ (प्रत्येक आउटपुट वेगळं) लिहिलेले स्वस्त पॉवर ब्लॉक मिळतात, आणि माझा सगळा राग त्यांच्यावर आहे. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन वेगवेगळ्या आउटपुटच्या मधल्या पिना जोडून पाहा. बीप आली तर आतून सगळे मायनस एकच आहेत, खोक्यावर काहीही छापलेलं असो. परत करण्याची मुदत संपायच्या आत ही चाचणी करा. खरा आयसोलेटेड ब्लॉक परवडत नसेल तर डिलेला वेगळा अडॅप्टर द्या. तेवढ्याने बहुतेकांचं काम होतं.

तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र थांबा. दोन पिनांच्या अडॅप्टरमधून थोडा लीकेज येतोच, पण ॲम्पच्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर हे प्रकरण जिवावरचं आहे. मंडळाच्या मांडवात माईकला ओठ लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

डिलेबद्दलचं मत मात्र वापरता वापरता बदललं. सुरुवातीला खरखरीमुळे तो परत करावासा वाटत होता. ‘ॲनालॉग’ म्हणून विकले जाणारे बरेच स्वस्त डिले पीटी2399 या चिपवर चालतात. ती चिप खरं तर डिजिटल आहे आणि सुमारे 340 मिलिसेकंदांपर्यंतच स्वच्छ वाजते. टाइमचा नॉब त्यापुढे नेला की खरखर वाढते. 120 च्या लयीत (मिनिटाला 120 मात्रा) डॉटेड एट्थ, म्हणजे पाऊण मात्रा, 375 मिलिसेकंदांना येतं, म्हणजे मर्यादेच्या जरासं पुढे, आणि ते चालून जातं. पण संथ गाण्यात पाऊण मात्रेचा नव्हे, पुऱ्या मात्रेचा प्रतिध्वनी हवा असेल तर हा डिले घेऊ नका. नॉब अर्ध्याच्या आत ठेवणाऱ्याला याची ऊबदार, किंचित मळकट पुनरावृत्ती आवडेल. मला आवडली, मी तो ठेवला. रिव्हर्ब, कोरस, डिले असं तिन्ही हवं असेल तर तीन स्वस्त डिजिटल पेडलच्या पैशांत वापरलेलं झूम जी1 फोर हे मल्टि-इफेक्ट पेडल पाहा.

उन्हाळ्याबद्दल एक गोष्ट. पारा 42-43 वर गेला की पेडलबोर्डवरच्या वेल्क्रोचा गोंद सुटतो. दोन ठिकाणी केबल टाय मारून ठेवा. आणि जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं फझ (आवाज खरबरीत फाडणारं पेडल), स्वस्त असो वा महाग, सोलापुरात घेऊ नका. उष्णतेने त्याचा लीकेज वाढतो, बायस (ट्रान्झिस्टरचं कामाचं व्होल्टेज) सरकतो आणि दुपारच्या कार्यक्रमात स्वर तुटक, चिरका होतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं फझ घ्या, ते मे महिन्यातही जागेवर राहतं.